पाउंड, पॉली आणि एकच हात

गटिंगसाठी, म्हणजे तारा विणून घ्यायला, आलेली रॅकेट हातात घेतली की काका तारांकडे नंतर बघतात, आधी मूठ बघतात. दोन हातांनी बॅकहँड मारणाऱ्याची ओव्हरग्रिप खालपासून वरपर्यंत सारखी मळलेली असते. डावा हात रोज वरच्या भागावर घाम गाळत असल्यामुळं तिथला पट्टाही झिजून केसाळ होतो. एका हातानं मारणाऱ्याच्या रॅकेटचा मामला वेगळा. मुठीचा खालचा निम्मा भाग काळाकुट्ट, वरचा जवळजवळ कोरा, आणि फ्रेम जिथं दुभंगून वर जाते त्या बेचक्यापाशी बोटांचे डाग. फटक्याच्या तयारीत डावा हात रॅकेटचा गळा धरून तिला मागं नेतो, उजव्या हाताला ग्रिप फिरवून घेऊ देतो आणि ऐन वेळी सोडून देतो. ते डाग त्या धरण्याचे. बेचक्यात डाग दिसले की काका मान वर करून गिऱ्हाइकाचा चेहरा नीट बघून घेतात.

काका म्हणजे पुण्यात कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर रॅकेट गटिंग करून देणारे गृहस्थ. नाव छापू नका म्हणाले, आणि आसपासच्या कोर्टांवरची सगळी मुलं त्यांना काकाच म्हणतात, तेव्हा इथंही काकाच. लहानशी खोली, मधोमध मशीन, भिंतीवर तारांची रिळं, खुंट्यांना टांगलेल्या रॅकेट्स आणि प्रत्येकीला अडकवलेली चिठ्ठी: नाव, तार, ताणाचे पाउंड. सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडं वजनाच्या दांड्याची मशीन होती. दांडा आडवा झाला की ताण बसला असं समजायचं. आता इलेक्ट्रॉनिक मशीन आहे. ती तार ओढते आणि क्लॅम्प लागेपर्यंत ओढूनच धरते, तार जराशी सैलावली तर मोटर पुन्हा गुरगुरते. काकांच्या म्हणण्याप्रमाणं मशीन बदलली तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांनी महिनाभर कुरकुर केली, कारण तेवढेच पाउंड सांगूनही रॅकेट कडक लागत होती.

ते या धंद्यात पडले तेव्हा पीट सॅम्प्रसचा जमाना होता. टेनिस शिकणाऱ्या पोरांत एक हात आणि दोन हात असे दोन्ही पंथ सुखानं नांदत होते. आता अकादमीतून एकदम दहा-बारा रॅकेट्सची पिशवी येते आणि बेचक्यातले डाग एकीवरही नसतात. "एका हाताचं गिऱ्हाईक आता पन्नाशीचं असतं," काका म्हणतात, "आणि गुडघ्याला पट्टा बांधून येतं."

पुण्यातल्या एका गल्लीत दिसणारी ही गोष्ट जगभर दिसते. पुरुषांची जागतिक क्रमवारी संगणकावर काढायला 1973 मध्ये सुरुवात झाली. तेव्हापासून पन्नास वर्षं पहिल्या दहांत एका हाताचा बॅकहँड असलेला निदान एक तरी खेळाडू कायम होता. 2024 च्या फेब्रुवारीत ग्रीसचा स्टेफानोस त्सित्सिपास अकराव्या क्रमांकावर घसरला आणि ती साखळी तुटली. मृत्युलेख लिहून झाले. दीडेक महिन्यात ग्रिगोर दिमित्रोव्ह मायामीची अंतिम फेरी गाठून परत पहिल्या दहांत आला, पुढं इटलीचा लोरेन्झो मुसेत्तीही आला, आणि मृत्युलेख लिहिणाऱ्यांची थोडी पंचाईत झाली. पण दहांत एक किंवा दोन, ही काही तब्येत सुधारल्याची खूण नव्हे.

लाकडी रॅकेटच्या काळात हा प्रश्नच नव्हता. छोट्या तोंडाची, जड, लाकडाची रॅकेट. चेंडू फार उसळत नसे आणि गवतावर तर घोट्यापाशीच राही. एका हातानं खाली वाकून स्लाइस मारणं हाच बॅकहँड. केन रोझवॉलनं त्याच फटक्यावर अख्खी कारकीर्द काढली. आपल्याकडं रामनाथन कृष्णन 1960 आणि 1961 अशी सलग दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेले, ते एकाच हाताच्या बॅकहँडवर. विजय अमृतराज, रमेश कृष्णन, पुढं लिएंडर पेस, सगळे त्याच वळणाचे. मग जिमी कॉनर्स, ब्यॉन बोर्ग आणि ख्रिस एव्हर्ट आले आणि दोन हातांचा बॅकहँड हा लहान मुलांचा तात्पुरता उपाय न राहता विजेत्यांचा फटका झाला.

मात्र एका हाताच्या बॅकहँडला 'कुणी मारलं' हा प्रश्न काकांना विचारला तर ते बोर्गचं नाव घेत नाहीत. भिंतीवरच्या एका रिळाकडं बोट दाखवतात. पॉलिएस्टर.

मग प्रात्यक्षिक होतं. समोर दोन रॅकेट्स ठेवल्या जातात, एकीत साधं सिंथेटिक गट, वापरून जुनं झालेलं, आणि दुसरीत नवी पॉली. सिंथेटिकची एक उभी तार काका अंगठ्यानं बाजूला सरकवतात. ती सरकते आणि तिथंच तिरकी होऊन बसते. जुने खेळाडू दोन पॉइंटांच्या मध्ये तारा बोटांनी सरळ करत उभे राहायचे, ते लक्ष जमवण्यासाठी म्हणून आपण कौतुकानं बघायचो. निम्मं कारण हे होतं. आता पॉलीची तार सरकवतात. अंगठा सुटला की ती टक्कन जागेवर परत येते. चेंडू घासून वर काढताना नेमकं हेच होतं: उभ्या तारा चेंडूबरोबर सरकतात आणि परत येताना त्याला जादा गिरकी देऊन सोडतात. जितकी गिरकी जास्त, तितका चेंडू जाळीवरून उंच मारूनही रेषेच्या आत पडतो, आणि पडल्यावर उसळतो.

या तारेचा पहिला मोठा विजय 1997 चा. गुस्ताव्हो कुएर्तेन, जगात 66 वा, ब्राझीलचा हसरा, शिडशिडीत पोरगा, बेल्जियमच्या लुक्झिलॉन कंपनीची पॉली रॅकेटमध्ये घालून पॅरिसला आला आणि फ्रेंच ओपन जिंकून गेला. 2000 आणि 2001 मध्ये त्यानं ती पुन्हा जिंकली. आता गंमत अशी, की कुएर्तेनचा बॅकहँड एका हाताचा होता, आणि तोही मोठा वळसा घेऊन मारलेला, बघत राहावा असा. ज्या तारेनं पुढं एका हाताच्या बॅकहँडचे दिवस भरवले, ती तार मातीच्या कोर्टावर मिरवत आणली ती एका हाताच्या खेळाडूनं.

दिवस कसे भरले, तर असे. एका हाताच्या बॅकहँडमध्ये चेंडू पुढच्या पायाच्याही पुढं, दोन हातांच्या तुलनेत बराच आधी गाठावा लागतो. कमरेपासून छातीपर्यंतचा चेंडू असेल तर हा फटका दोन हातांपेक्षा लांब पोचतो आणि जोरकसही बसतो. चेंडू खांद्याच्या वर गेला की हात लांब ताणून वर उचललेला, मागून रेटायला दुसरा हात नाही, आणि सगळा भार खांद्याच्या मागच्या लहान स्नायूंवर. दोन हातांचा खेळाडू तोच चेंडू डाव्या हाताच्या फोरहँडसारखा दाबून मारतो. एका हातवाल्याला तीनच वाटा: चेंडू उसळायच्या आत पुढं होऊन घ्या, चार पावलं मागं जाऊन तो खाली यायची वाट बघा, किंवा स्लाइस करा. पहिलीला डोळा आणि पाय लागतात, दुसरीत कोर्ट सोडावं लागतं, तिसरीत समोरच्याला श्वास मिळतो.

राफाएल नदाल डावखुरा. त्याचा फोरहँड क्रॉसकोर्ट, प्रचंड टॉपस्पिन घेऊन, थेट रॉजर फेडररच्या बॅकहँडवर, खांद्याच्या उंचीला. पॅरिसमध्ये दोघं सहा वेळा समोरासमोर आले आणि सहाही सामने नदालनं जिंकले. 2008 च्या अंतिम सामन्याचा स्कोअर 6-1, 6-3, 6-0 होता. काकांनी तो सामना दुकानातल्या छोट्या टीव्हीवर, मशीन बंद ठेवून पाहिला. त्या संध्याकाळी आलेल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, फेडररनं बॅकहँड बदलायला हवा का? काका म्हणाले, रॅकेट बदलायला हवी.

हे म्हणणारे ते काही एकटे नव्हते. फेडरर 90 चौरस इंचांच्या तोंडाची रॅकेट वापरत होता. त्याच्या आधी सॅम्प्रसनं 85 ची, तीही शिशाच्या पट्ट्या लावून आणखी जड केलेली, नॅचरल गट 75 पाउंडांच्या आसपास ओढून वापरली. 75 पाउंड हा आकडा काका आजही मान हलवत उच्चारतात. त्यांच्या दुकानात साठ मागणाराही विरळा. छोट्या तोंडाच्या रॅकेटचा मधला गोड भाग छोटा. उसळता चेंडू दोन बोटं वर-खाली झाला की फ्रेमला लागतो. फेडररचे फ्रेमला लागून प्रेक्षकांत गेलेले बॅकहँड त्या काळात काही कमी नव्हते.

2013 च्या विम्बल्डनला तो दुसऱ्याच फेरीत सर्गी स्ताखोव्हस्कीकडून हरला आणि त्यानंतर हॅम्बुर्ग आणि ग्श्टाडला काळ्या रंगाची, कसलंही नाव नसलेली मोठ्या तोंडाची रॅकेट घेऊन उतरला. पाठ दुखत होती, दोन्हीकडं हरला, अमेरिकेत पुन्हा जुनी 90 हातात घेतली. लोकांनी ठरवून टाकलं की प्रयोग फसला. पण 2014 च्या सुरुवातीला नवी रॅकेट कायमची आली. तोंड 97 चौरस इंच, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे आठ टक्के जास्त. तारा न लावता वजन 340 ग्रॅम. उभ्या 16 आणि आडव्या 19 तारा. उभ्यांना नॅचरल गट, आडव्यांना पॉली.

फळ तीन वर्षांनी दिसलं. गुडघ्याच्या दुखापतीमुळं सहा महिने बाहेर राहिलेला, 17 वं मानांकन मिळालेला फेडरर 29 जानेवारी 2017 ला मेलबर्नमध्ये नदालसमोर उभा राहिला. पाचव्या सेटमध्ये 1-3 नं मागं. तिथून सलग पाच गेम. तोच डावखुरा फोरहँड, तोच कोन, पण या वेळी फेडरर मागं सरकत नव्हता. रेषेजवळ उभा राहून उसळी वर जाण्याआधीच बॅकहँड सपाट मारत होता. त्याचा तेव्हाचा प्रशिक्षक इव्हान ल्युबिचिच, स्वतः एका हाताचा चांगला बॅकहँड असलेला. त्या वर्षी दोघं चार वेळा भेटले आणि चारही सामने फेडररनं जिंकले. हे सगळं सात चौरस इंचांमुळं झालं असं म्हणणं बालिशपणाचं होईल. धाडस तारेत विणता येत नाही. पण धाडस करायला थोडी जागा लागते, ती रॅकेटनं दिली, एवढं मानायला हरकत नाही.

फेडररच्या तारांची ही जोडणी काकांकडं मागणारे बरेच येतात. आडव्या पॉली, उभं गट. तीच जोडणी दोन हातांचा नोव्हाक जोकोविचही वापरतो, त्यामुळं ती एका हाताची खास मिरास नाही, हे काका प्रत्येकाला आधीच सांगून टाकतात. मग कामाला लागतात.

नॅचरल गट गाईच्या आतड्याच्या आवरणापासून बनतं. लियोंच्या बाबोला कंपनीनं ते 1875 पासून बनवलं, आणि दीडशे वर्षांत त्याच्यासारखी लवचीक दुसरी तार कुणाला जमलेली नाही. पाकिटातून काढताना काका ते हळूहळू उलगडतात, कारण एकदा पीळ पडून मोडलं की तिथून ते तुटणार. सेटची निम्मी लांबी मोजून कापतात. फ्रेम सहा ठिकाणी आवळलेली. मधल्या दोन उभ्या तारांपासून सुरुवात, मग एक डावीकडं, एक उजवीकडं. एका बाजूला फार पुढं गेलं तर फ्रेमवर ताण तिरका पडतो. तार ओवायच्या भोकातल्या ग्रोमेटची कड फाटली असेल तर तिथं आधी प्लॅस्टिकची नळी. मशीन ओढते, क्लॅम्प, पुढची तार. सोळा झाल्या की गाठ, गाठ पक्कडीनं आवळायची पण मुरगाळायची नाही. आता आडवी पॉली, वरून खाली. ही ताठ, हट्टी. एकीच्या वरून, दुसरीच्या खालून विणत न्यायची. पॉली भराभर खेचली तर घासून गटाला चरा पडतो, म्हणून काका एक हात वर-खाली हलवत तिला तिरकी करून ओढतात, म्हणजे एकाच जागी घर्षण होत नाही. आडव्यांचा ताण उभ्यांपेक्षा दोन-तीन पाउंड कमी. प्रत्येक आडवी ओढून झाली की बोटांच्या टोकांनी सरळ करायची. शेवटी तळहातावर दोनदा आपटून आवाज ऐकायचा. हा आवाज ऐकणं शास्त्रीय नाही हे त्यांना माहीत आहे, ताण मोजायचं यंत्रही शेजारीच आहे. तरी आधी आवाज.

पॉली स्वस्त असते, तुटतही नाही लवकर, आणि तिथंच घोटाळा होतो. काही तास खेळून झालं की तिचा ताण उतरतो, टक्कन परत येणं संपतं, उरते ती नुसती ताठ तार. व्यावसायिक खेळाडूला याचं काहीच नाही. सामन्यात पहिल्या सात आणि नंतर दर नऊ गेमनंतर नवे चेंडू येतात. फेडरर त्याबरोबर रॅकेटही नवी घ्यायचा. आपल्याकडचा हौशी खेळाडू तीच पॉली तुटेपर्यंत, म्हणजे कधी कधी सहा-सहा महिने वापरतो आणि मग कोपर धरून येतो.

असे एक भूलतज्ज्ञ डॉक्टर काकांकडं येतात. बॅकहँड एका हाताचा, वळणदार, क्लबातल्या मित्रांना त्याचा हेवा वाटतो. त्यांनी फेडररच्याच नावाची 340 ग्रॅमची रॅकेट परदेशातून मागवली. तारा आणि ओव्हरग्रिप धरून ती 360 च्या पुढं जाते. पहिला सेट स्वर्गीय. जड रॅकेट चेंडूच्या माऱ्यानं हलत नाही, मागं हटत नाही, फक्त वाटेवर सोडून द्यायची. दुसऱ्या सेटपासून डॉक्टर प्रत्येक चेंडूला निमिषभर उशिरा पोचू लागले. एका हाताच्या बॅकहँडला उशीर अजिबात चालत नाही. चेंडू पुढं न गाठता अंगाजवळ लागला की मनगट वाकतं आणि सगळा धक्का कोपराच्या बाहेरच्या बाजूला जातो. तीन आठवड्यांत त्यांना चहाचा कप उचलता येईना.

काकांनी ती रॅकेट खुंटीला टांगली आणि 305 ग्रॅमची फ्रेम दिली. मुठीवरची मूळ ग्रिप काढून चामड्याची चढवली, ती जड असते, त्यामुळं वजन वाढलं पण हाताशी वाढलं आणि तोल मुठीकडं आला. तोंडाच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, शिशाची चार-चार इंचांची पट्टी, म्हणजे साधारण एकेक ग्रॅम, जेणेकरून चेंडू कडेला लागला तरी रॅकेट हातात फिरू नये. एका हातवाल्याला वजन लागतंच, ते काकांनाही मान्य आहे. प्रश्न ते कुठं असावं एवढाच. आणखी एक गोष्ट त्यांनी केली: ओव्हरग्रिपवर चढवलेली दुसरी ओव्हरग्रिप काढून टाकली. मूठ अष्टकोनी असते. एका हाताच्या टॉपस्पिन बॅकहँडसाठी तर्जनीचा सांधा वरच्या सपाट बाजूवर यावा लागतो, आणि तो न बघता, अर्ध्या सेकंदात. दोन ओव्हरग्रिप चढवल्या की आठ कोपरे बुजून मूठ गोल होते आणि बोटाला पत्ता सापडत नाही. डॉक्टरांचं कोपर यथावकाश बरं झालं. महागडी रॅकेट अजून खुंटीवर आहे. अधूनमधून येऊन ते तिच्यावरून हात फिरवतात.

या फटक्याला ताकद लागते हा समज काकांना चीड आणतो. बेल्जियमची जस्टिन हेनिन पाच फूट सहा इंचांची, समोर तिच्यापेक्षा डोक्यानं उंच मुली, आणि तिनं फ्रेंच ओपन चार वेळा जिंकली ती याच बॅकहँडवर, पॉलीच्या जमान्यात. लागतं ते वेळेवर वळणं, म्हणजे खांदे आधी फिरवणं. आणि उंचीनं काम सोपं होतं असंही नाही. 2019 च्या जानेवारीत बालेवाडीत महाराष्ट्र ओपनचा अंतिम सामना झाला तेव्हा काका स्टँडमध्ये होते. इव्हो कार्लोविच, चाळिशीला टेकलेला, सहा फूट अकरा इंच, केविन अँडरसनविरुद्ध. तिन्ही सेट टायब्रेकला गेले आणि अँडरसन जिंकला. कार्लोविचचा बॅकहँड एका हाताचा, पण तो त्याच्याकडून काही मागतच नव्हता: सर्व्हिस, स्लाइस, जाळीकडं धाव. एवढ्या उंचीच्या माणसाला खांद्यावरचा चेंडू कधी येणार, असा विनोद शेजारच्यानं केला. काकांना मात्र त्या स्लाइसमध्ये रस होता. त्यांच्या मते एका हाताचा बॅकहँड टिकला तर तो देखण्या टॉपस्पिनमुळं नाही, याच्यामुळं टिकेल. तीन वर्षांनी त्याच बालेवाडीत रोहन बोपण्णानं रामकुमार रामनाथनच्या साथीनं दुहेरी जिंकली. त्याचाही बॅकहँड एका हाताचा, आणि 2024 मध्ये वयाच्या 43 व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकेपर्यंत त्याचं तोच फटका घेऊन छान चाललं होतं. दुहेरीत चेंडू लवकर घ्यायचा असतो, उसळी पुरी होऊच द्यायची नसते. दुहेरीत एका हाताचे खेळाडू अजून बऱ्यापैकी दिसतात ते उगीच नाही.

प्रशिक्षकांची बाजू वेगळी आहे आणि तीही खोटी नाही. मूल सहाव्या-सातव्या वर्षी रॅकेट धरतं. त्या मनगटाला एका हातानं फटका झेपत नाही, म्हणून दोन हात. दहाव्या वर्षी स्पर्धा, बाराव्या वर्षी गुण आणि क्रमवारी. मग चालणारा फटका मोडून नवा शिकवायचा कुणी आणि वर्षभर हरायचं कुणी? पूर्वी हे धाडस करणारे होते. पर्सी रोसबर्ग या स्वीडिश प्रशिक्षकाच्या हाताखाली बोर्गही खेळला आणि स्टीफन एडबर्गही. एकाचे दोन हात त्यानं राहू दिले, दुसऱ्याला किशोरवयात एका हातावर आणलं. सॅम्प्रसला चौदाव्या वर्षी पीट फिशर या बालरोगतज्ज्ञानं एका हातावर आणलं, कारण त्याला विम्बल्डन दिसत होतं. डॉमिनिक थीमला ग्युन्टर ब्रेस्निकनं लहानपणीच बदललं आणि 2020 ची यूएस ओपन त्याच बॅकहँडवर आली. सगळ्यात नवल जर्मनीच्या तात्याना मारियाचं. तिनं पहिल्या बाळंतपणाच्या सुमारास, व्यावसायिक खेळाडू असताना, दोन हातांचा बॅकहँड सोडून एका हाताचा धरला. 2022 मध्ये ती विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत होती आणि 2025 मध्ये 37 व्या वर्षी क्वीन्स क्लबची विजेती.

हे सगळं काका हल्ली एका मुलाच्या आईला सांगत असतात. मुलगा तेरा वर्षांचा. सायकलवरून पडून डावं मनगट मोडलं, प्लास्टर असताना भिंतीवर एका हातानं मारत बसला, आणि प्लास्टर निघाल्यावर दुसरा हात परत लावायचं नाव काढेना. सरांनी सहा महिने मुदत दिली आहे. मुदतीतले बहुतेक सामने तो हरला. त्याच्या वयाच्या मुलांनाही उंच चेंडू बॅकहँडला टाकायचा हे दुसऱ्या गेममध्ये कळतं. आई काउंटरशी उभी राहून म्हणाली, "तुम्हीच समजवा हो त्याला, तुमचं ऐकतो." काकांनी त्याला समजावलं नाही. पूर्वी त्याच्या रॅकेटमध्ये सगळी पॉली होती, 55 पाउंड. ती काढली, मऊ मल्टिफिलामेंट घातली, 51. मुठीत थोडं वजन भरलं. आणि टॉपस्पिनचा नाद महिनाभर सोडून खांद्यावरचा प्रत्येक चेंडू स्लाइस करून बघ, असं सांगितलं. सरांना हे फारसं आवडलेलं नाही, ते त्यांनी फोन करून कळवलं. "तार तुमची, फटका माझा," सर म्हणाले. काका म्हणाले, बरोबर आहे.

परवा मुलगा पुन्हा आला. तार तुटली नव्हती, पण मधल्या चार-पाच उभ्या तारा फुलून पिंजल्या होत्या, आणि नेहमीपेक्षा दोन बोटं वर. म्हणजे चेंडू तोंडाच्या वरच्या अंगाला लागत होता, अजून उशीर होत होता. काकांनी ती जागा नखानं दाखवली. पोरानं मान डोलावली आणि म्हणाला, "काका, मुसेत्तीची तार घालू या ना. पॉली."

"सोळाव्या वर्षी ये."

"मग निदान दोन पाउंड कमी करा. चेंडू लांब जातच नाही."

"लांब जात नाही ते पाउंडांमुळं नाही. पण पाऊस सुरू झालाय, चेंडू ओले होऊन जड लागणार, तेवढ्यासाठी एक कमी करतो. पन्नास." काकांनी चिठ्ठीवरचा आकडा खोडून नवा लिहिला. "शनिवारी खेळून सांग, कुठं पडतोय ते."